अनंतगिरीवरचा आश्विन

पाऊस ओसरला की अनंतगिरीच्या डोंगरावर सगळ्यांत आधी येतो तो धोबी. पक्षी धोबी, कपडे बडवणारा नव्हे. हा करडा-पांढरा पाहुणा शेपटी वरखाली करत हौदाच्या कठड्यावर चालायला लागला की समजावं, भादवा सरत आला. जयवंताला हे कुणी शिकवलं नव्हतं. क्षयाच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डच्या व्हरांड्यात खाटेवर पडल्या पडल्या तिला ते दिसलं, एवढंच.

दवाखान्यात सगळ्यांचा समज असा, की जयवंताबाईला झाडापाखरांचा भारी नाद. नर्सबाई नव्या रोग्यांना तिचं कौतुक सांगायच्या, कुठलं फूल कधी येतं ते यांना विचारा म्हणायच्या. नाद कसला न् काय कसला! दुपारी जेवणानंतर न बोलता, न वाचता उघड्या हवेत पडून राहायचं असा डॉक्टरांचा हुकूम होता आणि खाटेसमोर डोंगर होता. समोर भिंत असती तर तिने भिंत पाहिली असती आणि तिचे पोपडे पाठ केले असते. माणसाचे डोळे उघडे असले की ते काहीतरी बघणारच. त्यात आवडीचा काय संबंध?

ही गोष्ट १९५६ सालची. जयवंता राहणारी चिक्कडपल्लीची. नवरा एकनाथराव निजामाच्या अमदानीपासून माल खात्यात, म्हणजे महसुलात, नोकरीला. मूळचे परभणीकडचे शेतकरी, पण शेतीकडे पाठ फिरवून दोन पिढ्या झालेल्या. जयवंता तर जन्मली, वाढली हैदराबादेतच. तिचं माहेर अंबरपेठेत. तिथे तिची आई आणि धाकटा भाऊ. ती मराठीत विचार करायची, दखनीत भाजी घ्यायची आणि शेजारणीशी तेलुगूत बोलायची. तिन्ही भाषांत तिची जीभ मोठी तिखट होती. असं म्हणतात खरं. दवाखान्यातल्या कुणी ती ऐकली नव्हती.

एक मुलगी, भामा. आठ वर्षांची. जयवंताच्या पदरावर पहिल्यांदा रक्ताचा ठिपका पडला त्या दिवशी सासूबाई पार्वतीबाईंनी तिची कपबशी वेगळ्या फडताळात ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत भामाचं अंथरूणही हललं. त्यात दुष्टपणा काही नव्हता. त्या आजाराने घरंच्या घरं बसलेली म्हातारीने पाहिली होती. मग एक्स-रे झाला, ओळखीपाळखी झाल्या, आणि गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला जयवंता विकाराबादेपर्यंत गाडीने आणि तिथून टांग्याने या डोंगरावर आली.

सुरुवातीचे महिने ती रडली. रीतसर रडली, उशी भिजेपर्यंत. सुया, दूध, अंडी, थर्मामीटर या सगळ्यांच्या मध्ये वेळ मिळेल तसं रडली. मग उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा एकनाथराव भामाला घेऊन आले. लहान मुलांना फाटकाच्या आत घेत नसत, म्हणून पोरगी बाहेर उभी राहिली आणि जयवंता आत, दहा-बारा हातांवर. भामाने हात हलवला. तेवढ्यात झाडावरून एक माकडीण पोटाला पिल्लू लावून उतरली, आणि भामा "अय्यो!" करून तिच्यामागे धावली ती धावलीच. भेटीची वेळ संपली. एकनाथराव ओशाळून हसले.

जयवंताने वाट पाहिली. आता पोटात तुटेल, आता घशात येईल, आता डोळ्यांत येईल. काहीच आलं नाही. वर येऊन तिने अंडं खाल्लं, दूध प्यायली आणि झोपली. दुसऱ्या दिवशीही काही आलं नाही. आधी तिला याची भीती वाटली. थोड्या दिवसांनी तीही वाटेनाशी झाली. पाय आखडून बसलं की त्याला मुंग्या येतात, मग तो आपला राहतच नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याला काढल्यासारखा वाटतो. तिचं मन तसं झालं होतं, आणि पाय झटकावा तसं मन कसं झटकायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

अशा मनाने तिने तो डोंगर पाहिला. म्हणून असेल, नीट पाहिला.

श्रावणात सगळा डोंगर एकाच हिरव्या रंगात बुडालेला होता. भादव्याच्या मध्यापासून त्यात फाटाफूट झाली. सागाची मोठाली पानं किड्यांनी खाऊन चाळण झाली, नुसत्या शिरा उरल्या. उताराचं गवत बुंध्याशी हिरवं आणि शेंड्याला तांबूस दिसू लागलं. मोरांनी पिसारे टाकले होते, आणि बोडकी शेपूट घेऊन ते हौदामागे असे लपतछपत फिरायचे की जणू कुणाचं देणं लागतात. सरड्याच्या गळ्याची लाली गेली. तेरड्याच्या शेंगा फुगल्या, आणि गवत कापणाऱ्या बायकांचा धक्का लागला की टचकन फुटून बी उडवू लागल्या. सकाळी झुडपाझुडपावर कोळ्यांची जाळी दवाने पांढरी व्हायची आणि उन्हं चढली की नाहीशी व्हायची. सीताफळांच्या डोळ्यांमधल्या रेघा पिवळट झाल्या. त्या रेघा रोग्यांच्या आधी माकडांना कळायच्या.

जयवंताला यातलं सगळं दिसे आणि काहीच लागत नसे.

दवाखान्याच्या अंगालाच मुसी नदी उगम पावते. उगम कसला, ओहोळ. तोच पुढे हैदराबादेला जाऊन अंबरपेठेच्या कडेने वाहतो. पहिल्या महिन्यांत हे कळलं तेव्हा जयवंता हे पाणी आपल्या माहेराला जातं म्हणून त्याच्याकडे बघत रडली होती. आता ते नुसतं पाणी होतं.

शेजारची खाट पद्मावतीची. ही तेलुगू बाई वयाने थोराड, दिलसुखनगरकडच्या एका गावातली, आणि दोन्ही फुप्फुसं खराब असूनही आवाज असा की औषधाच्या बाटल्या हलाव्यात. तिची भाषा तेलुगू, हिची मराठी, आणि हिला तेलुगू येत असलं तरी दोघींचा कारभार दखनीत चाले. कारभार म्हणजे पद्मावतीने बोलायचं आणि जयवंताने हूं म्हणायचं.

त्या वर्षी व्हरांड्यात वर्तमानपत्र आलं की आधी राज्याची बातमी वाचली जायची. हैदराबाद राज्याचे तुकडे होणार हे ठरलं होतं. तेलुगू मुलूख आंध्रात, कानडी म्हैसुरात, मराठी मुंबई राज्यात, दिवाळीच्या सुमाराला. सरकारी नोकरांची वाटणी भाषेप्रमाणे होणार, आणि जायचं की अडचणीपायी इथेच राहायचं ते ज्याने त्याने मुदतीत कळवावं, म्हणजे विचार होईल. भावाभावांत भांडी वाटतात तशी माणसं वाटली जात होती.

"जयवंतम्मा," पद्मावती म्हणाली, "तुमारे साब औरंगाबाद जारे कतै ना?"

"अब्बी ठहरा नई बोलते."

"कब ठहरता? आदमी जारा तो बच्ची भी लेके जाता. फिर तुम उसको कब देखते?"

प्रश्न बरोबर होता, आणि तो एवढाच होता. डॉक्टरांनी जयवंताला सांगून ठेवलं होतं: डाव्या बाजूची जखम भरत आलीय, पण उन्हाळ्यापर्यंत इथून हलायचं नाही. हललात तर मागचं सगळं पाण्यात. म्हणजे तिने राहायचं हे नक्की. एकनाथरावांनी काय करायचं तो त्यांचा प्रश्न. पण भामा? ती औरंगाबादेला गेली तर तिथून इथवर तिला कोण आणणार होतं? उन्हाळ्यापर्यंत आईचा चेहरा मुलीच्या डोळ्यांसमोरून जाणार. आणि तीच जर अंबरपेठेत आजीजवळ राहिली, तर मामा महिन्यातून एकदा तिला फाटकापर्यंत आणू शकत होता. पंधरा मिनिटं का होईना, दहा हातांवरून का होईना.

"बोलो साब को," पद्मावती म्हणायची. "बच्ची को अम्मा के पास छोडो बोलो. मुंह में दही जमाके बैठना नक्को."

"हौ. बोलते," जयवंता म्हणायची.

ती बोलणारही होती. तिला ते पटलेलं होतं. फक्त पटणं आणि वाटणं यांच्यामध्ये जी तार असते, ती कुठेतरी तुटलेली होती.

एकनाथराव श्रावणात दोनदा आले, भादव्यात एकदा आले. प्रत्येक वेळी "अजून काही ठरलं नाही, पाहू" म्हणाले आणि टोपी सारखी करत गेले. मग आश्विन लागता लागता त्यांनी दवाखान्यात येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर निरोप धाडला, की दसऱ्याला येतो, बोलायचं आहे.

मधल्या दिवसांत बतकम्मा आली. तेलुगू बायकांचा हा फुलांचा सण. ताटात फुलांचे थरावर थर रचून उतरंड करायची, तिच्याभोवती टाळ्या वाजवत फिरायचं. रोगी बायकांना फिरायची मनाई, म्हणून त्या बसल्या जागी टाळ्या वाजवत. जयवंताला मात्र डॉक्टरांनी सकाळी थोडं चालायची मुभा दिली होती, म्हणून फुलं आणायचं काम तिच्याकडे आलं. तिने पिवळाधमक तरवड आणला, ज्याला त्या तंगेडू म्हणत. गुलाबी शेंड्याचा पांढरा कुरडू आणला, ज्याला त्या गुनुगु म्हणत. कुठल्या बांधावर कुरडू दाट आहे ते तिला खाटेवरून दिसून आधीच ठाऊक होतं. तिची ओटी भरून फुलं बघून बायका हरखल्या. एकीने तिच्या गालाला हात लावून बोटं मोडली. जयवंता हसली. हसायचं असतं अशा वेळी, म्हणून.

दसऱ्याला सकाळी वॉर्डात निराळीच गडबड. तेलुगू माणसाला दसऱ्याला पालपिट्टा दिसला पाहिजे. पालपिट्टा म्हणजे आपला नीलकंठ. तो दिसला की वर्ष चांगलं जातं. शहरात तर फासेपारधी पिंजऱ्यात घालून दारोदार तो दाखवायला आणतात. इथे पिंजरेवाला कोण येणार? बायका खाटांवर गुडघे टेकून, चादरी पांघरून आकाशात शोधत बसल्या. पद्मावतीने तर चहाही टाकला. तो दिसला तर आपण घरी जाणार असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"तो वर नसतो," जयवंता म्हणाली. "हौदापलीकडे वाळलेला साग आहे, त्याच्या उजव्या फांदीवर बघा."

तो तिथेच होता. आठवडाभर रोज तिथेच असायचा. बसलेला नीलकंठ दिसायला काही खास नसतो. मळकट तपकिरी, मोठ्या डोक्याचा, अंगात आळस भरल्यासारखा. बायकांना आधी पटेना. मग खाली गवतात नाकतोडा हलला असावा. पाखराने उडी घेतली आणि त्याच्या पंखांचा निळा रंग उघडला. सगळा व्हरांडा "अम्मा!" म्हणून ओरडला. पद्मावतीने हात जोडले, डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं.

जयवंतानेही हात जोडले. निळा रंग छान होता. तिला दिसलं की छान आहे.

एकनाथराव दुपारी आले. भेटायला येणाऱ्यांसाठी वॉर्डाच्या खालच्या अंगाला लिंबाखाली बाक होता. रोग्याने एका टोकाला बसायचं, पाहुण्याने दुसऱ्या. एकनाथरावांनी कोट घातला होता, टोपी नवी होती. बसताना त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली आणि बाकाच्या मधोमध ठेवली. दोन जुळ्या पाळ्या असलेल्या पानांचा गठ्ठा.

"दसऱ्याचं सोनं," ते म्हणाले.

जयवंताने पाहिलं. सोनं म्हणजे आपट्याचं पान. हैदराबादेत दसऱ्याला ते मिळणं कठीण, कारण तिथले लोक शमी देतात आणि बाजारात शमीच येते. म्हणून तिथली मराठी माणसं दरसाल आपटा हुडकत फिरतात, आणि नवखी असली की हमखास कांचन तोडून आणतात. पान तसंच जोडलेलं, पण मोठं, पातळ आणि गुळगुळीत. आपट्याचं लहान, जाड, खरबरीत. बाकावरचा तो कांचन होता. जयवंताला ते दिसलं, आणि दिसून राहिलं. सणाच्या दिवशी नवऱ्याला चुकलात म्हणायची तिला काही निकड वाटली नाही.

"आई बरी आहे," एकनाथराव म्हणाले. "गुडघे धरलेत. तुझा ताप कसा आहे?"

"नाही ताप."

"हवा छान पडलीय इथे."

"हो."

एकनाथरावांनी लिंबाकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. मग बोलू लागले. औरंगाबादेत बिऱ्हाडाची सोय होतेय. हवा कोरडी आहे. आईचं म्हणणं, आपला मुलूख तो आपला मुलूख. इथे राहायचं तर पुढे सगळा कारभार तेलुगूत, आणि आपल्याला तर तेलुगूत सहीसुद्धा येत नाही. कचेरीत मोहरीर कारकुनापासून सगळे जाणार. एकटं मागे राहून करायचं काय? असं आपलं एक म्हणणं आहे. तसं काही अगदी...

"जाणार म्हणून कचेरीत सांगितलंत?" जयवंताने विचारलं.

एकनाथरावांचा हात टोपीकडे गेला.

"कधी सांगितलंत?"

"श्रावणात," एकनाथराव म्हणाले. "सांगावं लागलं. मुदत होती."

म्हणजे श्रावणात, भादव्यात ते या बाकावर बसून "पाहू, पाहू" म्हणत होते तेव्हा ठरून गेलेलं होतं. जयवंताने हे मनात एकदा उलटून पाहिलं. राग यायला जागा होती. राग आला नाही. तिला समोरचा माणूस नुसता स्वच्छ दिसत होता. कानशिलांवर पिकलेला, भिडस्त, खोटं बोलताना टोपी सारखी करणारा. एकनाथराव वाईट नव्हते. दर महिन्याला गाडीत धक्के खात कोण येतं? दुसऱ्या किती जणींचे नवरे तर पहिल्या महिन्यानंतर दिसलेच नव्हते.

"मग जा तुम्ही," ती म्हणाली. "माझं काय, मी इथे आहेच. बरी झाले की बघू."

आणि एकनाथरावांचा चेहरा सुटला. कपाळावरची आठी गेली, खांदे खाली आले, त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की त्यांचं त्यांनाच कसंनुसं झालं असावं. ते भराभर बोलायला लागले. दर महिन्याला मनिऑर्डर, डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, उन्हाळ्यात स्वतः न्यायला येतो. जयवंता ऐकत होती. शेवटी ते उठले.

"आणखी काही सांगायचंय तुला?"

"नाही," ती म्हणाली.

ते घुटमळले. मग उताराच्या वाटेने फाटकाकडे गेले. जयवंता रुमालासकट पानं उचलून व्हरांड्यात आली.

पद्मावती टपूनच बसली होती.

"क्या बोले? बच्ची का क्या बोले?"

जयवंता खाटेवर बसली. बच्चीचं काय बोलले. तिने आठवून पाहिलं. बिऱ्हाड, हवा, तेलुगू, आईचे गुडघे. आणि आपण काय बोललो? जा म्हणालो. त्यांनी विचारलं आणखी काही सांगायचंय का, आणि आपण नाही म्हणालो.

तिने विचारलंच नव्हतं. महिनाभर पाठ केलेली एकच गोष्ट, आणि ती विसरली. भामाचं नावसुद्धा तिच्या तोंडातून निघालं नव्हतं.

"पूछे नई?" पद्मावती म्हणाली, आणि तिचा तो मोठा आवाज एकदम बसला. "कैसी अम्मा है गे तू?"

जयवंताने रुमाल मांडीवर पसरला. ती मांडीवरच्या पानांकडे बघत होती. पानं ताजी होती. हैदराबादेहून सकाळच्या गाडीने, खिशात दाबून आणलेलं पान इतकं टवटवीत कसं? देठ तुटला होता तिथे अजून ओल होती. आणि एकनाथराव कांचन कशाला तोडतील? दरसाल परभणीहून आपट्याची फांदी मागवणारा तो माणूस, आपटा ओळखण्यात तरी त्याचा हात कुणी धरला नसता. हा डोंगर तिला पानापानाने ठाऊक होता. वॉर्डाच्या अंगाला कांचन नव्हता. दोनच झाडं होती, फाटकाबाहेर, कुणीतरी शोभेला लावलेली, हाताला लागतील अशा खालच्या फांद्यांची. तिथे उभं राहून, जोडपान दिसलं की तो आपटाच असं समजून, कुणीतरी नुकतीच ही पानं तोडली होती. शिपाई तेलुगू, टांगेवाला मुसलमान. ते दसऱ्याचं सोनं म्हणून जोडपान कशाला तोडतील? मराठी घरातलं कुणीतरी. ज्याला अजून फरक कळत नाही असं कुणीतरी. ज्याला फाटकाच्या आत घेत नाहीत असं कुणीतरी.

ती उठली आणि धावली.

धावायची सक्त मनाई होती. नर्सबाई मागून ओरडल्या. वाटेने वळसा पडला असता म्हणून ती सरळ उतारावरून गवतातून गेली. आश्विनातलं गवत, कमरेइतकं, कुसळांनी भरलेलं. कुसळं पातळात घुसली, पोटऱ्यांना टोचली. धाप लागली, छातीत डावीकडे कळ आली. चिंचेच्या मुळाला ठेचकाळून पडता पडता वाचली. खाली टांग्याचं टप दिसत होतं. एकनाथराव एक पाय पायरीवर ठेवून उभे होते.

"अहो!"

आवाज फुटला नाही, नुसती हवा. पण टांग्यातून एक डोकं बाहेर आलं. दोन वेण्या, लाल फिती. उंची वाढली होती.

"आई!" भामा ओरडली. "सोनं मिळालं का गं? मी तोडलं!"

जयवंता फाटकाच्या गजांपासून दहा हातांवर थांबली. पुढे जायचं नाही हे पायांनाच माहीत होतं. तिला बोलता येईना, म्हणून तिने मान हलवली.

"तुला त्रास होईल म्हणून सांगितलं नाही," एकनाथराव म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "तिला मागे आणलं होतं तेव्हा ती माकडामागे गेल्यावर तू तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हटलं, तू विचारलंस तर सांगावं."

"तिला ठेवून जा," जयवंता म्हणाली. एकेक शब्द धापेमधून काढावा लागत होता. "माझ्या आईकडे. अंबरपेठेत. उन्हाळ्यापर्यंत. भाऊ आणेल तिला इथे. पाया पडते तुमच्या."

एकनाथरावांनी पायरीवरचा पाय खाली घेतला. मग म्हणाले, "तिलाच विचार. ती राहते म्हणाली तर माझी ना नाही. आईची समजूत मी घालीन."

हे ते मनापासून बोलत होते. त्यांनी टोपीला हात लावला नाही.

जयवंताने मुलीकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत न मागितलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं. "भामा, आजीकडे राहतेस? अंबरपेठेत? मामा तुला दर महिन्याला आणेल इकडे."

भामाने बापाकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं. मग टांग्याच्या कडेला ओठंगून, मोठं गुपित सांगावं तसं म्हणाली, "आई, औरंगाबादेत ना, सगळे मराठीच बोलतात. दुकानवालासुद्धा. गोळ्या मागायच्या त्या पण मराठीत. बाबा म्हणाले. खरंच का गं?"

जयवंता कधी औरंगाबादेला गेली नव्हती.

"खरंच," ती म्हणाली.

"मला बघायचंय ते."

ती नाही म्हणू शकली असती. आई होती. राहा म्हणाली असती तर पोरगी हिरमुसली असती, दोन दिवस रडली असती आणि राहिली असती. जयवंताला ते कळत होतं, आणि पोरीचे चमकणारे डोळेही दिसत होते. पोटात काहीतरी तुटलं. इतकं स्पष्ट तुटलं की तिने पोटावर हात धरला.

"जा," ती म्हणाली. "बघून ये. मला सांग मग, कसं आहे ते."

"सांगते! तू बरी हो हां लवकर." आणि भामा टांग्यात नीट बसली, कारण तिला पुढची जागा हवी होती.

टांगा वळला. उतारावरून घोडा जपून चालत होता, त्यामुळे लाल फिती बराच वेळ दिसल्या. जयवंता वाटेवर बसली आणि रडू लागली. ते उशीत रडण्यासारखं नव्हतं. ती तोंड उघडून, छाती हलवून रडत होती, मधेच खोकत होती, पुन्हा रडत होती. वरून पद्मावती चादर घेऊन धापा टाकत आली. तिलाही उतरायची मनाई होती. ती शेजारी बसून जयवंताच्या पातळातली कुसळं एकेक करून काढत राहिली.

त्या संध्याकाळी जयवंताला ताप चढला. डॉक्टर संतापले. या एका धावेने महिन्याचं काम वाया गेलं असेल, म्हणाले. तिने ते ऐकून घेतलं आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांना विचारलं, "मी उन्हाळ्यापर्यंत बरी होईन ना हो?" तोवर बरं होणं न होणं तिला सारखंच होतं. आता तिला बरं व्हायचं होतं, आणि डॉक्टर लगेच हो म्हणाले नाहीत म्हणून तिचे हातपाय गार पडले.